निळ्या वाराटाच्या बियांना फसू नका

निळा वाराटा जगात कुठेही नाही. सिडनीच्या वालुकाश्मावर वाढणारं हे झुडूप, 1962पासून न्यू साउथ वेल्सचं राज्यफूल, सहसा लालच फुलतं. गुलाबी आणि पांढरे वाण आहेत, टास्मानियातल्या जातीत क्वचित पिवळा दिसतो. तरी ‘निळा वाराटा’ म्हणून बियांची पाकिटं ऑनलाइन सर्रास विकली जातात आणि सिडनीतली आपली बागवेडी मंडळीही त्यात सापडतात.

पाकीट फोडलं की मोहरीएवढे काळे गोल दाणे निघतात. वाराटाचं बी तसं नसतंच. ते चपटं, तपकिरी, एका टोकाला कागदासारखा पातळ पंख असलेलं, पंखासकट दोनेक सेंटिमीटर लांब असतं. फसवणूक पचते ती झुडपाच्या संथपणामुळे: बियांपासून फूल यायला पाचेक वर्षं लागतात, तोवर पैसे परत मागायची मुदत केव्हाच उलटलेली असते.

नावाजलेले वाण छाटकलमाने वाढवतात. बियांतून ते हुबेहूब उतरत नाहीत, त्यामुळे ‘विरिम्बिरा व्हाइट’ या पांढऱ्या वाणाचं बी म्हणून विकणाराही दिशाभूलच करतो.

काही जण रोप पाठवतात. ते खरं असलं तरी साधं लाल, आणि सोबत ‘फुलांचं खत’ गळ्यात मारतात. खरा घात इथे होतो. वाराटाच्या मुळांना बारीक तंतूंचे दाट झुपके असतात. निकस मातीतला फॉस्फरस ते कणाकणाने ओढून घेतात. अशा मुळांवर सुपरफॉस्फेट किंवा कोंबडखतासारखं फॉस्फरसने भरलेलं खत पडलं की पानांच्या कडा करपतात, नवी पालवी पिवळी पडते आणि रोप जातं. विक्रेता मात्र सांगतो, खत कमी पडलं, अजून घाला! घालू नका. पिशवीवरच्या तीन आकड्यांतला मधला, म्हणजे फॉस्फरसचा, 2च्या वर असेल तर ते खत वाराटाला नकोच.

पश्चिम सिडनीच्या चिकण मातीत खड्डा खणला तर त्यात पाणी साचून मुळं कुजतात. वाळूमिश्रित, किंचित आम्ल मातीचा 30-40 सेंटिमीटर उंच वाफा करून त्यावर लावा.

बी घेण्याआधी तळहातावर ठेवलेल्या बियांचा फोटो मागा. फसलाच असाल तर जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि पाकीट जपून ठेवा, कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेकडे लगेच हरकत नोंदवा, फेअर ट्रेडिंग या राज्याच्या ग्राहक संरक्षण विभागाकडे तक्रार करा. पाकीट परदेशी टपालाने आलं असेल तर दाणे पेरू नका, कचऱ्यातही टाकू नका. ते कुठल्या तणाचे असतील सांगता येत नाही. पाकीट बंद करून जैवसुरक्षा विभागाला कळवा.