शिकायला अ‍ॅनलॉग मिक्सर बरा की डिजिटल?

सोलापुरात रेकॉर्डिंग शिकणारी पोरं हेच विचारतात, माझं मत सरळ आहे बे, आधी अ‍ॅनलॉग, म्हणजे ज्यात माइकचे आवाज एकत्र करायचं सगळं काम समोरच्या नॉबांनी होतं तो मिक्सर. एका चॅनलची (एका माइकच्या वाटेची) पट्टी बघितली की आवाजाचा रस्ताच दिसतो, वर गेन (आत येणारा आवाज वाढवणारा नॉब), मग ईक्यू (जाड-बारीक आवाज), ऑक्स (आवाज दुसरीकडं पाठवायला), पॅन (डावं-उजवं), तळाला फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकती पट्टी), आणि गेन जास्त होऊन लाल दिवा लागला की फेडर कितीही खाली ओढा, फाटलेला आवाज फाटलेलाच राहतो. डिजिटलमध्ये हेच सगळं स्क्रीनच्या पानांमागं लपतं, नवा माणूस तिथंच गोंधळतो. पण सेटिंग सेव्ह होतं हो, गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत भजनी मंडळाचं अर्धं रेकॉर्डिंग उद्यावर गेलं तर नुसता सीन (सेव्ह केलेलं सगळं सेटिंग) परत उघडायचा. अ‍ॅनलॉगला मोबाईलवर नॉबचे फोटो काढत बसा. कंडेन्सर माइकला (वीज लागणारा माइक) मिक्सरकडून ४८ व्होल्ट दोन्हीकडं लागतात, त्याचं बटण दाबताना फेडर तेवढा खाली ठेवा.