ड्रॉप हँडलच्या जागी सरळ दांडा : आठ महिन्यांनंतर

काल संध्याकाळी पुण्यात म्हात्रे पुलावर सायकलच्या घंटीचं झाकण उडालं. भर गर्दीत मागे फिरलो आणि बसच्या चाकाखालून वाचलेलं ते झाकण खिशात घालून आणलं. तेव्हाच ठरवलं, या हँडलबद्दल लिहून टाकायचं.

सायकल तीच, मागे आठ गिअरची रोड बाइक. मान धरायला लागली म्हणून ड्रॉप, म्हणजे खाली वळलेलं हँडल, काढायचं होतं. मोठ्या दुकानात ४,८०० रुपये सांगितले, वर "काका, त्यापेक्षा नवीन सरळ हँडलची हायब्रिडच घ्या ना" हा सल्ला फुकट. घरी येऊन अ‍ॅलन कीचा सेट काढला.

मधोमध ३१.८ मिमी जाडीचा दांडा जुन्याच स्टेममध्ये (हँडल धरणाऱ्या भागात) बसला, ३५० रुपये. ग्रिप १२०. मागच्या गिअरला माउंटन बाइकचा आठ गिअरचा लिव्हर (४५०) बिनतक्रार चालतो, शिमानो कंपनीच्या आठ गिअरमध्ये रोड आणि माउंटन दोन्हींची वायरची ओढ सारखीच. पुढच्या गिअरचा जुळत नाही. तिथे माळ्यावरचा बिनक्लिकचा अंगठ्याचा लिव्हर लावला. ब्रेकच्या वायरी गोल डोक्याच्याच घ्या, रोड बाइकच्या वायरी या लिव्हरांत बसत नाहीत. त्या नादात माझे ३० रुपये गेले ते अजून सलतात.

पहिला महिना मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो, व्ही-ब्रेकचे (माउंटन बाइकच्या लांब हातांच्या ब्रेकचे) लिव्हर लावा, २५० ला जोडी, झकास. ते शब्द मागे घेतो. पहिल्या पावसात चांदणी चौकाच्या उतारावर लिव्हर दगडासारखा घट्ट आणि सायकल खुशाल पुढे! तो लिव्हर वायर जास्त ओढतो, पण जोर कमी देतो. रोड बाइकच्या कॅलिपर ब्रेकला नेमकं उलटं लागतं. औषध जुन्या बाजारात मिळालं : १९९६ साली व्ही-ब्रेक आले त्याआधीच्या, कँटिलिव्हर ब्रेकच्या सायकलीचे गंजके लिव्हर. विकणारा दीडशे म्हणाला, मी ८० दिले. रात्रभर डिझेलमध्ये ठेवले. आता दोन बोटांत सायकल थांबते.

खडकवासल्याहून परतताना समोरून वारा आला की खाली वाकायला ड्रॉपची आठवण येते, हे खरं. तळवेही बधिरतात, कारण हात ठेवायला जागा एकच. पण मान सुटली.

आणि घंटी! ड्रॉपच्या जाड दांड्यावर साधी घंटी बसायचीच नाही. तीन वर्षं मी पेठांतून "ओ मावशी", "ओ दादा" करत फिरलो. सरळ दांडा टोकांकडे २२.२ मिमीचा, त्यावर चाळीस रुपयांची पत्र्याची घंटी पाच मिनिटांत बसली. अंगठा मारला की किर्रर्र, आणि चक्क माणसं बाजूला होतात. बायको म्हणते, नुसती घंटीच बसवायची होती तर एवढा उद्योग कशाला? तिला बिल दाखवलेलं नाही.

झाकण सापडलं, पण वरचा नट पुलावरच राहिला. तूर्तास एम-सीलने चिकटवलंय. वाजते, पण बद्द.