मोंतोबाँला जा, अँग्रच्या पेन्सिलीसाठी

इंटरमिजिएटच्या पोरांची स्मरणचित्रं तपासण्यात माझी सगळी नोकरी सरली. चार माणसं एकत्र काढा म्हटलं की पोरं ती प्रार्थनेच्या रांगेसारखी उभी करतात. म्हणून लेकीकडे फ्रान्समध्ये तुलूझला आल्यावर आधी मोंतोबाँ गाठलं. रेल्वेनं जेमतेम अर्धा तास.

एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच चित्रकार अँग्र याच गावचा. 1867 मध्ये गेला तो चार हजारांहून जास्त रेखाटनं गावाच्या नावे करून. तार्न नदीकाठच्या जुन्या बिशपवाड्यात, म्युझे अँग्र बूर्देल या संग्रहालयात ती आहेत. कागदाला उजेड सोसत नाही, त्यामुळे आलटून पालटून लावतात. असेल ते पाहायचं.

मला तिथलं त्याचं माणसांनी भरलेलं चित्र ‘पंडितांमध्ये येशू’ बघायचं होतं. राजा लुई फिलिपच्या घराण्यानं 1842 मध्ये ते काढायला सांगितलं, 1848 च्या क्रांतीत राजाच पळाला, आणि चित्र पुरं झालं 1862 मध्ये, अँग्रच्या वयाच्या 82 व्या वर्षी. मधोमध बोट वर केलेला पोरगेला येशू, दोन्ही अंगांना दाढीवाले पंडित, हात पसरून आलेली मेरी. खरं सांगू? चित्र थंड आहे. जो तो आपापला बसलाय.

तयारीची पेन्सिल रेखाटनं मात्र जिवंत! अँग्र आधी मॉडेलला उघडं बसवून काढायचा, कपडे नंतर. एका म्हाताऱ्याला कोपरापासून दोन हात फुटलेत, एक मांडीवर, एक हनुवटीशी. खोडरबर नाहीच. नको ती रेघ फिकी सोडली, हवी ती दाबून ओढली. पोटाची वळी, बसल्यावर पसरलेली मांडी, सगळं दिसतं. रंगवताना वर झगा आला आणि ते झाकलं गेलं. (आमच्याकडे एवढी रेघ मारायला पोरं घाबरतात, पट्टी मागतात.)

जमलेली आकृती तो ट्रेसिंग कागदावर उतरवायचा, पुढेमागे सरकवून बघायचा, चौकटी आखून मोठी करायचा. चित्र थंड का झालं तेही इथेच कळतं. काढताना प्रत्येक मॉडेल एकटं होतं, बोलायला शेजारी कुणी नव्हतंच.

आधी चित्र बघा, मग रेखाटनं, मग परत चित्राकडे या. संग्रहालयातली शिल्पकार बूर्देलची शिल्पं दणदणीत आहेत, पण त्यांना दुसरा दिवस द्या. उरल्या वेळात गावातलं कॅथेड्रल करा. अँग्रचं 1824 चं ‘लुई तेराव्याचा नवस’ तिथे आहे, आणि त्याला तिकीट नाही.