एकाच गाडीत दोन ‘फुल्ली सिंथेटिक’: गट ३ आणि पीएओ, मुंबईत वापरल्यानंतर

गाडी जुनी पेट्रोल हॅचबॅक, टर्बो वगैरे नाही. मॅन्युअलमध्ये इंजिन ऑइलचा ग्रेड, म्हणजे दाटपणाचा वर्ग, ५डब्ल्यू-३० दिलाय. रोजचा रस्ता मुलुंड ते लोअर परळ, म्हणजे ईस्टर्न एक्सप्रेस हायवे आणि पुढे सायन-दादरची रखडपट्टी. अधूनमधून कसारा नाहीतर खंडाळ्याचा घाट. या एका गाडीत पाठोपाठ दोन इंजिन ऑइलं वापरली, पहिलं गट ३ चं, दुसरं पीएओचं (हे काय ते पुढे येईलच). दोन्ही डब्यांवर ‘फुल्ली सिंथेटिक’ लिहिलेलं, दुसऱ्याची किंमत पहिल्याच्या जवळपास दुप्पट. पहिल्याने अख्खा पावसाळा काढला, दुसऱ्याने यंदाचा उन्हाळा.

ब्रँडची नावं मुद्दाम देत नाही. एकाच नावाखाली ग्रेड बदलला की आतलं बेस ऑइल (मुख्य तेल) बदलू शकतं, आणि ग्रेड तोच ठेवूनही कंपनी मिश्रण बदलू शकते. नाव वाचून कुणी दुकानात गेलं तर त्याच्या हाती तेच पडेल याची खात्री नाही. त्यापेक्षा आत काय आहे ते कसं शोधायचं, हे जास्त कामाचं.

इंजिन ऑइलमध्ये साधारण ७५ ते ९० टक्के बेस ऑइल असतं. बाकीचं अ‍ॅडिटिव्ह: डिटर्जंट, काजळी तरंगत ठेवणारे डिस्पर्संट, झीज रोखणारी झिंकची संयुगं, व्हिस्कॉसिटी (दाटपणा) सांभाळणारे पॉलिमर. बेस ऑइलचे एपीआयने (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) पाच गट पाडलेत. गट १ म्हणजे तांदूळ निवडण्यासारखं: खनिज तेलातले नको ते घटक सॉल्व्हंटने काढून टाकले, दाणा तोच राहिला. गट २ मध्ये हायड्रोजनची प्रक्रिया येते. गट ३ मध्ये तीच प्रक्रिया जास्त कडक होते. मोठ्या दाबाखाली आणि तापमानात हायड्रोक्रॅकिंग करून रेणूंची वलयं उघडतात, मेणाच्या सरळ साखळ्यांना फांद्या फोडतात, आणि निघतं ते मूळ कच्च्या तेलात त्या रूपात जवळजवळ नसतंच. कागदावरची अट अशी: संपृक्त हायड्रोकार्बन किमान ९० टक्के, गंधक जास्तीत जास्त ०.०३ टक्के, व्हिस्कॉसिटी इंडेक्स (तापमान बदललं तरी दाटपणा किती टिकतो त्याचा आकडा) १२० किंवा वर. गट २ ला पहिल्या दोन अटी याच आहेत, फक्त इंडेक्स ८० ते ११९.

गट ४ म्हणजे पीएओ, पॉलिअल्फाओलेफिन. हे खरोखर जोडून केलेलं तेल. इथिलीनपासून १-डेसीन बनवतात, त्याचे दोन-तीन-चार रेणू एकमेकांना जोडतात आणि शेवटी हायड्रोजन देऊन स्थिर करतात. रेणू बरेचसे एकसारखे, मेण नाही, त्यामुळे पातळ पीएओ उणे ६० अंशांच्या आसपासही वाहतं. आणि जे या चारांत बसत नाही ते सगळं गट ५ मध्ये: एस्टर, पीएजी, अल्किलेटेड नॅप्थलीन. एस्टर धातूला चिकटून राहतं आणि अ‍ॅडिटिव्ह छान विरघळवतं. नुसत्या पीएओमध्ये अ‍ॅडिटिव्ह नीट विरघळत नाहीत आणि रबरी सील आक्रसतात, म्हणून त्यात थोडं एस्टर किंवा नॅप्थलीन घालतात. ‘शंभर टक्के पीएओ’ असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या.

मग गट ३ ला सिंथेटिक कसं म्हणतात? १९९० च्या दशकाच्या शेवटी कॅस्ट्रॉलने अमेरिकेत आपल्या सिंटेक ऑइलमध्ये पीएओऐवजी हायड्रोक्रॅक केलेलं बेस ऑइल वापरायला सुरुवात केली. मोबिलने तिथल्या नॅशनल अ‍ॅडव्हर्टायझिंग डिव्हिजनकडे तक्रार केली, आणि १९९९ मध्ये निर्णय कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला: हेही सिंथेटिकच. हे न्यायालय नव्हतं, जाहिरातीतले दावे तपासणारी व्यवस्था होती, पण बाजाराला तेवढं पुरलं. पीएओ महाग, गट ३ स्वस्त. तिथून पुढे दुकानातली बहुतेक फुल्ली सिंथेटिक ऑइलं गट ३ वर गेली. जर्मनीत तसं म्हणायला अजून हात आखडता घेतात, गट ३ असेल तर डब्यावर ‘एचसी सिंथेसे’ असं वेगळं लिहिलेलं दिसतं. आपल्याकडच्या डब्यांवर मला गट छापलेला कधी दिसला नाही.

मी शोधलं ते सेफ्टी डेटा शीटमधून. कंपनीच्या साइटवर उत्पादनाचं नाव टाकलं की बहुधा पीडीएफ मिळते. त्यात घटकांचा तक्ता आणि सीएएस क्रमांक (प्रत्येक रसायनाचा ओळख क्रमांक) असतात. ‘हायड्रोट्रीटेड हेवी पॅराफिनिक डिस्टिलेट’, क्रमांक ६४७४२-५४-७, हे दिसलं तर ते शुद्ध केलेलं खनिज बेस ऑइल. गट २ आणि गट ३ दोन्ही याच क्रमांकाखाली येऊ शकतात, तेवढं ध्यानात ठेवा. ‘१-डेसीन होमोपॉलिमर, हायड्रोजनेटेड’, ६८०३७-०१-४, म्हणजे पीएओ. ‘फिशर-ट्रॉप्श’ असा उल्लेख असेल तर ते नैसर्गिक वायूपासून केलेलं जीटीएल (गॅस-टू-लिक्विड). शेलचा कतारमधला पर्ल प्रकल्प हेच बनवतो. एपीआयच्या हिशेबात तेही गट ३ मध्येच, पण वरच्या दर्जाचं. माझ्या पहिल्या ऑइलच्या शीटवर सगळा पॅराफिनिक डिस्टिलेट होता, दुसऱ्याच्या शीटवर पीएओ ठळक प्रमाणात.

आता गाडीत काय जाणवलं. सकाळी स्टार्ट केल्यावरचा टॅपेटचा (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांचा) आवाज: फरक नाही. अ‍ॅव्हरेज: फरक नाही. दोन्ही एकाच ग्रेडची आहेत, तर तो पडायचं कारणही नव्हतं. पिकअपबद्दल लोक जे लिहितात ते मला तरी सापडलं नाही, नवीन ऑइल भरल्यावर पहिले चार दिवस प्रत्येकालाच गाडी हलकी वाटते. रंग दोन्हींचा काळा झाला, साधारण सारख्याच वेळात. काळं पडणं म्हणजे डिटर्जंट आपलं काम करतोय, त्यावरून ऑइल वाईट ठरवू नका. जुन्या इंजिनात सिंथेटिक घातलं की गळती सुरू होते असं मिस्त्री लोक सांगतात, तीही झाली नाही.

फरक पडला तो पातळीत. गट ३ वालं दोन बदलांच्या मधे डिपस्टिकवर (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवर) थोडं खाली आलं होतं, विशेषतः भर उकाड्यातल्या घाटाच्या फेऱ्यांनंतर. टॉप-अप करायची वेळ आली नाही, पण दिसण्याइतकं. पीएओ वालं मे महिन्यातही जवळपास जागेवर राहिलं. हे सगळं डिपस्टिकच्या भरवशावरचं निरीक्षण आहे, तरी त्याला कारण आहे. ऑइल गरम झालं की त्यातले हलके रेणू उडून जातात. ते मोजायला नोॲक चाचणी असते: २५० अंशांवर तासभर तापवायचं आणि वजन किती घटलं ते पाहायचं. एपीआयच्या एसपी या दर्जाला १५ टक्क्यांपर्यंत घट चालते, युरोपातल्या कार कंपन्यांच्या संघटनेच्या (एसीईए) सी३ दर्जाला १३. पीएओमध्ये हलके रेणू कमी, म्हणून घट कमी. चांगलं गट ३ आणि जीटीएलही यात फार मागे नसतं.

आणि पीएओची जी खरी मिरास, थंडी, तिचं मुंबईत करायचं काय? ५डब्ल्यू या ग्रेडची क्रँकिंग (थंड इंजिन फिरवायची) चाचणी उणे ३० अंशांवर होते. आपल्याकडे पारा पंधराच्या खाली गेला की बातमी होते. जानेवारीत नाशिकला मुक्कामी होतो, पहाटे कडाक्याची थंडी, तिथेही गाडी नेहमीसारखीच सुरू झाली. ती गट ३ वर होती तेव्हाची ही गोष्ट.

मुंबई ऑइलला मारते ती वेगळ्या रीतीने. गाडी हलत नाही, इंजिन मात्र चालू. किलोमीटर कमी दिसतात, तास खूप होतात. जवळच्या फेऱ्यांत ऑइल पुरतं तापत नाही, म्हणून त्यात उतरलेलं पेट्रोल आणि पाण्याचा अंश उडून जात नाही. यावर पीएओ हा इलाज नाही. पेट्रोल मिसळलं की पीएओही पातळ होतंच, आणि ऑइलमध्ये साचणारं आम्ल मारायचं काम अ‍ॅडिटिव्हचं, ते ठरावीक मुदतीत संपतं. पीएओ घातलं म्हणून बदलायची मुदत दुप्पट करणारे गाडीवाल्यांच्या ग्रुपवर भेटतात. शहरातल्या गाडीला मी किलोमीटर न बघता वर्ष धरतो, ऑइल कुठलंही असो.

आमचे मिस्त्री म्हणाले, “दादा, एवढे पैसे कशाला? फिल्टर ओरिजिनल लावा आणि वेळेवर या.” त्यांना गट-बिट काही ठाऊक नाहीत, पण माझ्या गाडीपुरतं त्यांचं बरोबर आहे. टर्बो इंजिन असेल, किंवा गाडी घेऊन दरवर्षी लडाख-स्पितीला जात असाल, तर पीएओचे पैसे कदाचित वसूल होतील. टर्बोची बेअरिंग फार तापतात, तिथे तेल जळून साका न होणं महत्त्वाचं. तिथेही आधी कार कंपनीची मंजुरी डब्यामागे आहे का बघा, मग बेस ऑइल. मंजुरीसाठी इंजिनावरच्या चाचण्या पास कराव्या लागतात, ‘फुल्ली सिंथेटिक’ छापायला नाही.

उरलेलं कारचं ऑइल बाइकमध्ये ओतू नका, मग ते कितीही महागडं पीएओ असो. बऱ्याच बाइकमध्ये क्लच त्याच ऑइलमध्ये भिजलेला असतो, आणि कारच्या ऑइलमधले घर्षण कमी करणारे घटक त्याला घसरवतात. बाइकला जासो एमए किंवा एमए२ (ओल्या क्लचसाठीचा जपानी दर्जा) लिहिलेलंच घ्या.

सध्या गाडीत परत गट ३ आहे, एपीआय एसपी, ५डब्ल्यू-३०. वाचलेल्या पैशांत ऑइल फिल्टर, एअर फिल्टर आणि वर मजुरी निघाली. डबा अधिकृत विक्रेत्याकडूनच घेतला, सील स्वतःच्या हाताने फोडलं, आणि रिकामा झाल्यावर मिस्त्रींना तिथेच कापायला लावला, म्हणजे त्यात दुसरं काही भरून तो पुन्हा बाजारात यायला नको.