ड्राय टाइप ट्रान्सफॉर्मरवरचा आरसी स्नबर: पावसाळाभराच्या वापरानंतर

आमच्याकडे ११ केव्ही/४३३ व्होल्ट, २००० केव्हीएचा कास्ट रेझिन (तेलाऐवजी रेझिनमध्ये बंद कॉइलचा, म्हणजेच ड्राय टाइप) ट्रान्सफॉर्मर आहे. एचटी (उच्च दाबाच्या) पॅनेलमधल्या व्हीसीबीपासून (व्हॅक्यूम सर्किट ब्रेकरपासून) त्याच्यापर्यंत जेमतेम १५ मीटर केबल. आधीच्या ट्रान्सफॉर्मरची एचटी कॉइल लाइनकडच्या टोकाला वेढ्यांतच शॉर्ट होऊन गेली होती, आणि एलए (लाइटनिंग अरेस्टर, जादा व्होल्टेज जमिनीत सोडणारे) मात्र शाबूत होते. म्हणून नव्याबरोबर आरसी स्नबर (एकसरीत जोडलेले रेझिस्टर आणि कपॅसिटर) घेतला: दर फेजला ०.२५ मायक्रोफॅरड आणि ३० ओहम. पावसाळ्यातलं सगळं ट्रिपिंग पाहून झाल्यावर सांगतो, पैसे सार्थकी लागले.

एलए असताना हे कशाला, असं खरेदी विभागाने विचारलं. प्रश्न रास्त आहे. व्हॅक्यूममधला आर्क प्रवाह शून्यावर यायच्या आधीच तुटतो. कॉपर-क्रोमियम संपर्कांत साधारण ३ ते ५ अँपिअर उरलेले असताना. आमचा शून्य भाराचा प्रवाहच १ अँपिअरच्या आसपास, म्हणजे तो शिखरावर असतानाही तुटू शकतो. गाभ्यातली ऊर्जा मग कॉइल आणि केबलच्या कपॅसिटन्समध्ये शिरते, आणि केबल आखूड असल्याने तो पाच-सहा नॅनोफॅरडच भरतो. कॉइलचा इंडक्टन्स २० हेन्री, कपॅसिटन्स ५.५ नॅनोफॅरड आणि प्रवाहाचं शिखर १.४ अँपिअर धरून हिशेब केला तर दाब (व्होल्टेज) ८० किलोव्होल्टच्या वर जातो. बीआयएल, म्हणजे इन्सुलेशनला झेपणारा झटक्याचा दाब, ७५ किलोव्होल्ट. लोहहानीमुळे प्रत्यक्षात तो बराच कमी येतो, पण ०.२५ मायक्रोफॅरड जोडल्यावर तोच हिशेब १३ किलोव्होल्टच्या आत उतरतो.

खरा घात मात्र री-इग्निशनचा, म्हणजे आर्क पुन्हा पेटण्याचा. संपर्क नुकतेच सुटलेले असतात, दाब फटीला झेपत नाही, आर्क पुन्हा पेटतो, तुटतो, पुन्हा पेटतो. दर वेळी दाब मायक्रोसेकंदात कोसळतो आणि तो झटका सगळ्या कॉइलवर सारखा न वाटला जाता पहिल्या काही वेढ्यांवरच बसतो. एलए उंची छाटतो, चढाची तीव्रता तशीच राहते. स्नबरचा कपॅसिटर चढ मंदावतो आणि केबलच्या सर्ज इम्पीडन्सशी जुळणारा रेझिस्टर परतणाऱ्या लाटा गिळतो. बसवताना डिव्हायडर (उच्च दाब मोजण्याजोगा कमी करणारं साधन) लावून रेकॉर्डिंग घेतलं होतं. ट्रान्सफॉर्मर चार्ज करून लगेच, इनरश (चार्ज करतानाचा सुरुवातीचा मोठा प्रवाह) चालू असतानाच ट्रिप केला, तेव्हा स्नबरशिवाय दाबाचे दाते दिसले. स्नबरसह गुळगुळीत वळण.

तो ट्रान्सफॉर्मरच्या टर्मिनललाच, आखूड लीडने जोडा. पॅनेलमध्ये जागा आहे म्हणून तिथे बसवून घेऊ नका.

त्रास आहेतच. मेगरिंगच्या (इन्सुलेशन रेझिस्टन्स मोजण्याच्या) वेळी कपॅसिटरमधल्या डिस्चार्ज रेझिस्टरमुळे रीडिंग कमी येतं आणि नवखा माणूस ट्रान्सफॉर्मरलाच दोष देतो. स्नबरची जोडणीची लिंक सोडूनच मेगर लावावा. शटडाऊनमध्ये अर्थिंग रॉड लावल्याशिवाय त्याला हात लावू देऊ नका. एका फेजचा फ्यूज उडाला तर सुमारे अर्धा अँपिअर असमतोल उरतो, म्हणून संवेदनशील अर्थ फॉल्ट रिलेचं सेटिंग तपासून घ्या. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह) जास्त असतील तर हार्मॉनिक्सने रेझिस्टर तापतो. तो मोठ्या वॅटेजचाच मागा.

दुसऱ्या शेडला तेलाचा ट्रान्सफॉर्मर आहे, केबल लांब, स्विचिंग क्वचित. तिथे मी स्नबर घेतला नाही. पण दिवसातून अनेकदा चालू-बंद होणारा फर्नेस ट्रान्सफॉर्मर व्हीसीबीवर असेल, तर याच्याशिवाय चार्ज करू नका.