लोकरी माव्यावर कोनोबाथ्रा सोडावा की मायक्रोमस?

२००२ साली सांगली-कोल्हापूरकडे उसावर लोकरी मावा (पानाखाली पांढऱ्या कापसासारखा दिसणारा, रस शोषणारा किडा) उतरला, तेव्हा मित्रकिडी, म्हणजे पिकाची कीड खाणारे किडे, हा शब्द आमच्या शिवारात कोणाच्या तोंडी नव्हता. आता पानाखाली पांढरं दिसलं की पहिला प्रश्न हाच असतो: मावा खाणारी कोणती मित्रकीड सोडायची, कोनोबाथ्रा नावाचा पतंग की मायक्रोमस नावाचा जाळीदार पंखांचा बारीक किडा? मी दोन्ही वापरलेत, पण वेगवेगळ्या हंगामांत आणि वेगवेगळ्या फडांत. त्यामुळे याला चाचणी म्हणू नका.

मायक्रोमस कागदावर सरस. त्याची अळी मावा खाते आणि प्रौढही खातो. कोनोबाथ्राची (शास्त्रज्ञ आता त्याला डिफा म्हणतात) खाणारी फक्त अळी. पतंग अंडी घालून मोकळा. शिफारशीतला आकडा मात्र उलटा आहे. कोनोबाथ्राच्या हेक्टरी १,००० अळ्या, तर मायक्रोमसच्या २,५००.

माझं घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. मायक्रोमस सोडला की दिसतच नाही. अळी बारीक आणि चपळ. प्रौढ तपकिरी, वाळक्या पाल्याच्या कपच्यासारखा. पान हललं की खाली पडून मेल्याचं सोंग घेतो. चौथ्या दिवशी फडात शिरलो, हात कापून घेतले, वीसेक पानं उलटली, काही नाही. आठव्या दिवशीही तेच. बांधावरून शेजारचे आण्णा रोज विचारायचे, "काय, तुमचे किडे गेले कुठं?" शेवटी धीर सुटला आणि कडेच्या चार सऱ्यांवर कीटकनाशकाचा पंप मारला. दुसऱ्या दिवशी त्याच सऱ्यांत मायक्रोमसच्या मेलेल्या अळ्या सापडल्या. म्हणजे बिचारे कामावर होते.

कोनोबाथ्रात ही भानगड नाही. अळी माव्याच्या गर्दीतच रेशमी जाळं विणून आत बसते. पान उलटलं की जाळं आणि त्यात माव्याची चिपाडं. आण्णांनाही दाखवता येतं. शिवाय जाळ्यासकट पानाचा तुकडा कापून दुसऱ्या फडातल्या मावा लागलेल्या पानाला स्टेपलरनं टाचला की झालं. खोट एकच, ही शेवटी अळीच दिसते. आमच्याकडे पाला काढायला आलेल्या बायकांनी खोडकिडा समजून पाच-सहा चिरडल्या. आधी सांगून ठेवायला हवं होतं, चूक माझीच.

मावा तुरळक असेल, ऊस अजून छातीच्या खाली असेल आणि तुमच्याकडे माझ्यापेक्षा जास्त धीर असेल, तर मायक्रोमसला नाव ठेवायला जागा नाही. एन्कार्सिया ही ईशान्येकडून आणलेली चिमुकली परोपजीवी गांधीलमाशीही चांगली, पण ती फडात आहे की नाही हे ओळखायला भिंगच लागतं. म्हणजे पुन्हा तेच दुखणं.

यंदा आमच्या आडसालीत (पावसाळ्यात लावलेल्या उसात) पुन्हा पांढरं दिसू लागलंय. ओढ्यापलीकडच्या एका फडात कोनोबाथ्राची जाळी भरपूर आहेत म्हणे. मालकाला विचारून ठेवलंय. उद्या ऊन उतरलं की कात्री आणि स्टेपलर घेऊन निघतो.