जवस, शतावरी, सोया आणि डंबेल्स: पाळी जातानाच्या दिवसांत काय लागू पडलं, काय नाही

आधी निकाल सांगते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना शेवटपर्यंत थांबायला नको. एवढ्या महिन्यांच्या वापरानंतर माझ्याकडे चार गोष्टी टिकल्या: वजनं उचलण्याचा व्यायाम, झोपेची शिस्त, वाफ (अंगात अचानक उठणारी उष्णता, हॉट फ्लश) आली की करायचा श्वासाचा आणि विचारांचा सराव, आणि जवस-नाचणी-तीळ-सोयाचं खाणं. शतावरी कल्प, प्रिमरोज या फुलझाडाच्या बियांच्या तेलाच्या कॅप्सूल आणि ‘हार्मोन बॅलन्स’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या सुटल्या. एका तक्रारीला मात्र नैसर्गिक उपाय पुरला नाही, औषधच लागलं. तेही लिहिणार आहे, कारण त्या तक्रारीबद्दल बायका सख्ख्या बहिणीशीसुद्धा बोलत नाहीत.

वय ४८. राहायला ठाण्यात, नोकरी फोर्टला, म्हणजे रोजची लोकल आली. थायरॉइडची गोळी बरीच वर्षं चालू आहे. पाळी लहरी झाली होती: कधी तीन आठवड्यांत, कधी अडीच महिन्यांनी, आणि आली की घराबाहेर पडायची सोय नाही अशी. त्यातच वाफा सुरू झाल्या. ज्यांना अजून आल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते. छातीच्या मधोमध उष्णता उठते, मानेवरून कानशिलांपर्यंत चढते, केसांच्या मुळाशी घाम फुटतो, आणि दोन-चार मिनिटांनी ती ओसरली की ओल्या पाठीला गारठा लागून हुडहुडी भरते. दिवसा हे निभावतं. रात्री दोनला उशी ओली करून जागं करतं, मग पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा नाही. दुसऱ्या दिवशी घरात जी चिडचिड होते तिचं मूळ बहुतेक वेळा या मोडलेल्या झोपेत असतं, असं माझं ठाम मत झालंय.

डॉक्टरबाईंनी हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी), बी-१२, ड जीवनसत्त्व आणि सोनोग्राफी करायला सांगितली. एफएसएच, म्हणजे अंडाशयाला चालना देणाऱ्या संप्रेरकाची रक्ततपासणी, नाही सांगितली. पंचेचाळिशीनंतर लक्षणं स्पष्ट असतील तर त्या तपासणीची गरज नसते, कारण या काळात संप्रेरकं आज वर तर उद्या खाली असतात आणि एका दिवसाच्या आकड्यावरून काही ठरत नाही. डॉक्टरांना उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांतही हेच आहे. तेव्हा ‘हार्मोन पॅनल’ची महागडी पॅकेजं घेण्याआधी विचारा. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन मात्र जरूर बघा. धडधड, थकवा, केस गळणं, घाम ही सगळी लक्षणं थायरॉइड बिघडलं तरी येतात, आणि अतिस्रावाने रक्त उतरलेल्या बाईला शतावरीपेक्षा लोहाची गोळी हवी असते.

हार्मोन थेरपीचा, म्हणजे कमी झालेली संप्रेरकं औषधातून देण्याचा पर्यायही त्यांनी मोकळेपणाने समोर ठेवला. तिच्याबद्दलची भीती बरीचशी २००२ सालच्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासातून आली. त्यातल्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे पाळी जाऊन बरीच वर्षं झालेल्या बायका. साठीच्या आतल्या, पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या, इतर धोके नसलेल्या आणि त्रास जास्त असलेल्या बाईसाठी आज डॉक्टर तिचा फायदा धोक्यापेक्षा मोठा धरतात. मी म्हटलं, माझं सध्या निभतंय, आधी बाकीचं करून बघते. त्या म्हणाल्या, “बघा की. पण त्रास वाढला तर सहन करत बसू नका.” हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं. नैसर्गिक मार्ग धरला म्हणून दुसरं दार बंद होत नाही.

आता एकेक.

जवस. आमचं माहेर लातूरकडचं, त्यामुळे जवसाची चटणी ताटात लहानपणापासून. फरक इतकाच की आता चिमूटभर तोंडीलावणं नाही, रोज दोन चमचे पूड. अख्खं जवस खाल्लं तर न पचता तसंच बाहेर पडतं, म्हणून दळूनच खायचं. मंद आचेवर कढईत टाकलं की आधी काहीच होत नाही, मग एकदम तडतडायला लागतं आणि शेंगदाण्यासारखा खमंग वास सुटतो, तिथेच गॅस बंद करायचा. करपलं की कडू होतं. लसूण, सुकं खोबरं, तिखट, मीठ घालून मिक्सरला थांबत थांबत फिरवायचं, नाहीतर तेल सुटून गोळा होतो. आठवडाभराचीच करते. जास्त ठेवली की खवट वास येतो, आणि तशी खाऊ नये.

वाफांवर परिणाम? माझ्या अनुभवात नाही. जवसात लिग्नन असतात, आतड्यातले जिवाणू त्यांच्यापासून इस्ट्रोजेनशी साधर्म्य असलेले सौम्य पदार्थ तयार करतात, हे खरं आहे. त्यावरून मोठी आशाही होती. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या एका लहान चाचणीत निकाल चांगले आले होते. पुढे नीट मोठी चाचणी घेतली, अर्ध्या बायकांना जवसाची वडी आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी बिनजवसाची वडी दिली, तर दोन्हीकडे तितक्याच बायकांना आराम पडला. मग मी जवस का खाते? पोट साफ राहतं, आणि कोलेस्टेरॉल थोडं उतरायला मदत होते म्हणून. माझं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) उतरलंही, पण त्याच दरम्यान चालणं वाढलं होतं, तेव्हा सगळं श्रेय चटणीला देत नाही.

सोया. मराठवाड्यात शेतंच्या शेतं सोयाबीनची, आणि घरात दाणा खाल्ला जात नाही. सगळं तेलाच्या गिरणीला. मी गव्हाच्या दळणात भाजलेलं सोयाबीन घालायला लागले, साधारण नऊ किलोला एक किलो, आणि आठवड्यातून दोनदा टोफूची भुर्जी. वाफांबाबत इथेही ठाम काही सांगता येत नाही. सोयातले इस्ट्रोजेनसारखे पदार्थ (आयसोफ्लेव्होन) पचवून त्यातून इक्वॉल हा जास्त प्रभावी पदार्थ बनवणारे जिवाणू सगळ्यांच्या आतड्यात नसतात, त्यामुळे एकीला गुण येतो आणि दुसरीला नाही, असं होऊ शकतं. पण प्रथिनं मिळतात, आणि या वयात स्नायू झिजत असताना शाकाहारी घरात ती कमीच पडतात.

थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा: सोया, कॅल्शियम आणि जास्त तंतू असलेलं खाणं त्या गोळीचं शोषण कमी करू शकतं. मी गोळी पहाटे रिकाम्या पोटी घेते, चहा तासाभराने, आणि कॅल्शियम असलं तर चार तास सोडून, म्हणजे जेवणानंतर. सोया सुरू केल्यावर टीएसएच पुन्हा तपासून घेतलं.

शतावरी कल्प वन्संनी नाशिकहून आणला होता. “दुधातून घे गं, अंगाला लागतं,” म्हणून दोन डबे दिले. चवीला सुरेख. झोपण्याआधी कोमट दूध पिणं ही सवय चांगलीच आहे आणि ती मी ठेवली. पण डब्यावरचे घटक वाचले तर बरीचशी साखर होती, आणि माझ्या घराण्यात मधुमेह आहे. वाफांत, झोपेत फरक जाणवला नाही. वन्संना तसं सांगितलं, त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही. शतावरी घ्यायचीच असेल तर वैद्यांकडून बिनसाखरेचं चूर्ण घ्या. बाजारातला कल्प हा शेवटी गोड पदार्थ आहे.

प्रिमरोज तेल: काही महिने घेतलं, काही नाही, बंद केलं.

‘हार्मोन बॅलन्स’च्या गोळ्यांवर मात्र थोडं जास्त लिहायला हवं. जाहिरात सतत डोळ्यांसमोर येते, पाकीट देखणं, किंमत महिन्याला दीड हजाराच्या पुढे. मी मागवल्या त्या पाकिटावर सात-आठ वनस्पतींची नावं होती आणि प्रत्येकीचं प्रमाण वेगळं न देता सगळ्यांचं मिळून एकच वजन. त्यात अश्वगंधा होती. अश्वगंधेने थायरॉइडची पातळी वाढू शकते, आणि यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. डॉक्टरबाईंनी पाकीट बघून परत करायला सांगितलं. कंपनीने उघडलेलं पाकीट परत घेतलं नाही. याचा मला खरोखर राग आहे. रात्र-रात्र झोप नसलेली बाई काहीही विकत घ्यायला तयार असते, आणि तिलाच प्रमाण न छापलेली गोळी विकतात. पाळी जाते ती अंडाशयातली बीजं संपत आल्यामुळे. कुठलीही मुळी ती परत आणत नाही. जे विकणारे तसं सुचवतात त्यांच्यापासून दूर राहा.

आता जे कामी आलं त्याकडे येते.

पहिलं म्हणजे वाफेच्या वेळी करायचा सराव. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये मायरा हंटर या मानसशास्त्रज्ञांनी वाफांसाठी खास सीबीटी म्हणजे विचार आणि वागणूक बदलण्याची पद्धत विकसित केली. त्यांच्या २०१२ च्या अभ्यासांत दिसलं की वाफांचा जाच कमी होतो. वाफा मोजल्या तर फार कमी भरतात असं नाही, त्या सोसणं सोपं होतं. अमेरिकेतल्या मेनोपॉज सोसायटीने २०२३ मध्ये बिनहार्मोनच्या उपायांची छाननी केली. वनौषधी, सोया, योग, नुसता मंद श्वास यांची वाफांसाठी शिफारस केली नाही, सीबीटीची केली. मी हे एका समुपदेशक बाईंकडे काही बैठकांत शिकले. लोकलमध्ये वाफ चढायला लागली की माझ्या मनात पहिल्यांदा यायचं, “सगळ्या बघतायत, आता चक्कर येणार.” त्या विचारानेच धडधड वाढायची, पर्समधला रुमाल सापडायचा नाही, आणि मी पुढच्याच स्टेशनला उतरून जायचे. आता खांदे सैल सोडते, पोटातून सावकाश श्वास घेते, सोडताना तो अजून लांबवते, आणि मनात म्हणते, “आलीये, चढेल, उतरेल.” घाम येतोच. पण मुलुंड ते भांडुप एवढ्यात उतरतेही, आणि मी डब्यातच असते.

झोपेलाही हीच पद्धत लागू पडली. कितीही वाईट रात्र गेली तरी सकाळी उठायची वेळ एकच. दुपारी चारनंतर चहा नाही. हे महाराष्ट्रात किती अवघड आहे ते सांगायला नको! पलंगावर फोन नाही. जाग आली आणि झोप येत नाहीसं वाटलं की उठून दुसऱ्या खोलीत काहीतरी कंटाळवाणं वाचायचं, झोप दाटून आली की परत यायचं. पॉलिस्टरचं ब्लँकेट काढून सुती चादर आणि पातळ गोधडी घेतली, एक भिरकावली तरी दुसरी राहते. पहिले दोन-तीन आठवडे जड गेले. त्यानंतर झोपेत जो फरक पडला तो कुठल्याही डब्यातून मिळाला नव्हता.

आणि डंबेल्स. आईच्या खुब्याचं हाड मोडलं होतं, म्हणून माझी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी लवकर केली. मणक्याचा टी-स्कोअर (तरुण वयातल्या हाडांशी तुलना करणारा आकडा) उणे १.६ निघाला. उणे १ ते उणे २.५ म्हणजे हाडं विरळ व्हायला लागली आहेत, उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झालेली. पाळी जाण्याच्या आगेमागेच्या वर्षांत हाडांची झीज सर्वांत वेगाने होते, म्हणजे हातपाय हलवायची वेळ हीच. घराजवळच्या व्यायामशाळेतली मुलगी शिकवते. सुरुवात खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्यापासून, मग दोन किलोची डंबेल्स, आता पाच किलोची. सुरुवातीला जिना उतरताना गुडघा कुरकुरायचा. मांड्या भरल्या तसा तो शांत झाला. वाफा याने थांबल्या नाहीत. पण पिशवी घेऊन पूल चढताना दम लागत नाही, आणि बसेनाशी झालेली पॅंट पुन्हा नीट बसते. मला एकच गोष्ट ठेवून बाकी सगळं सोड म्हटलं तर मी ही ठेवेन.

सोबत नाचणी आणि तीळ. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असतं, न सोललेल्या तिळात हजाराच्या वर. दिवसाची गरज हजार ते बाराशे. एक नाचणीची भाकरी, वाटी-दोन वाट्या दही-ताक, भाजीवर तिळाचं कूट, एवढ्यावर मी जवळ पोहोचते; कमी पडेल तिथे गोळी. ड जीवनसत्त्व तपासून घेतलं, कमी होतं, ते औषधानेच भरलं.

आता ती तक्रार. योनीत कोरडेपणा, संबंधांच्या वेळी दुखणं, आणि पुन्हा पुन्हा लघवीला जळजळ. खोबरेल तेल, तूप, पाणी जास्त पिणं, सगळं झालं. तात्पुरता आराम, मग पुन्हा तेच. वाफा काही वर्षांनी बहुतेकींच्या ओसरतात, हा त्रास आपोआप जात नाही, उलट वाढतो, कारण तिथल्या त्वचेला इस्ट्रोजेन मिळेनासं होतं. डॉक्टरबाईंनी तिथेच लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम दिलं. आठवड्यातून दोनदा. दोन महिन्यांत जळजळ गेली. इतकी साधी गोष्ट, आणि यासाठी कितीतरी बायका वर्षानुवर्षं अँटिबायोटिक घेत राहतात, नवऱ्याला टाळत राहतात, आणि वय झालं म्हणून गप्प बसतात. कृपा करून विचारा. ज्यांना स्तनाचा कर्करोग होऊन गेलाय त्यांनी आधी आपल्या कर्करोगतज्ज्ञांशी बोलावं.

पाळी सलग बारा महिने आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं धरतात. मला अजून थोडे महिने आहेत. त्यानंतर एक डागही पडला तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, लगेच दाखवायचं, हे मी माझ्या दोन्ही जावांनाही सांगून ठेवलंय. वाफा आता पूर्वीपेक्षा कमी आहेत. त्या माझ्या उपायांनी कमी झाल्या की आपल्या गतीने, हे मला वेगळं काढता येत नाही. खर्चाचं म्हणाल तर व्यायामशाळेची फी सोडता बाकी सगळं मिळून त्या परत न घेतलेल्या पाकिटापेक्षा स्वस्त पडतं. डेक्सा पुढच्या वर्षी पुन्हा करायचीय. मणक्याचा आकडा अजून घसरला असेल तर हाडांसाठी औषध सुरू करायचं, असं डॉक्टरबाईंशी ठरलंय.